रेपो रेट, कापूस आणि पित्ताशयाचं ऑपरेशन

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं त्या दिवशी मला शेअरवाल्यांचे नाही, डॉक्टरांचे फोन येतात. मी जळगावात डॉक्टरांचे हिशेब बघतो, म्हणजे रिटर्न, जीएसटी, बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट वगैरे सगळं. ओपीडी संपली की दुपारी दोन-अडीचला फोन वाजतो आणि पलीकडून एकच प्रश्न असतो, "भाऊ, रेपो कमी झाला म्हणे, मग माझा हप्ता कधी कमी होईल?" (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसा देते तो दर.) एक जण तर मूळचे शिरपूरकडचे, ते रागावले की सरळ अहिराणीवर येतात, "रेपो कमी व्हयना म्हनतस, मंग मना हप्ता काबर कमी नही व्हयना?" आता ह्यांना काय सांगणार, की साहेब हप्ता तोच राहिलाय, बँकेने मुदत कमी-जास्त केलीय, लोन स्टेटमेंट नीट बघा.

लोकांना वाटतं की आरोग्य म्हणजे डॉक्टर, औषध, नर्स, अँब्युलन्स, आणि रेपो रेट, वित्तीय तूट, कस्टम ड्युटी हे सगळं टीव्हीवरच्या सूटबूटवाल्यांचं काम. मी रोज दोन्हीकडच्या फायली हाताळतो म्हणून सांगतो, हे दोन विषय वेगळे नाहीयेत. चोपड्याच्या एखाद्या बाईचं ऑपरेशन ह्या महिन्यात होणार की पुढच्या वर्षी, हे ठरवण्यात डॉक्टरचा वाटा असतो तेवढाच मुंबईतल्या मिंट रोडचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा, आणि दिल्लीतल्या अर्थखात्याचा पण असतो.

आधी हप्त्याचं बघू. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा रिझर्व्ह बँकेने रेपो ४ टक्क्यांवर आणला. पैसा स्वस्त झाला आणि आमच्याकडे हॉस्पिटलं बांधायची लाटच आली. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, जिकडे बघावं तिकडे चार मजल्यांचा सांगाडा, खाली मेडिकल, वर आयसीयू, आणि गेटवर सीटी स्कॅन चोवीस तासचा बोर्ड. ह्यातली बरीच कर्जं एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या सदराखाली, आणि ऑक्टोबर २०१९ पासून छोट्या उद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं बाहेरच्या बेंचमार्कला बांधायचा नियम आला, म्हणजे बहुतेक बँकांत रेपोलाच. मग एप्रिल २०२२ ला महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, मे महिन्याच्या ४ तारखेला ठरलेल्या बैठकीची वाट न बघता रिझर्व्ह बँकेने रेट वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर जाऊन बसला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के!

अडीच टक्के म्हणजे किती ते कागदावर बघा. दोन कोटींचं कर्ज, सात वर्षांची मुदत, व्याज साडेआठ टक्के, तर हप्ता येतो साधारण ३ लाख १७ हजार. तेच व्याज ११ टक्के झालं की हप्ता ३ लाख ४२ हजार. महिन्याला पंचवीस हजारांचा फरक. मोठ्या शहरातल्या साखळी हॉस्पिटलला हा आकडा चहापाण्याचा वाटेल, पण तालुक्याच्या गावातल्या वीस बेडच्या दवाखान्यात पंचवीस हजार म्हणजे दोन नर्सचे पगार असतात. मग काय होतं? कोणी नर्स कमी करतं. कोणी डिपॉझिट वाढवतं. आणि कोणी, मी नाव कोणाचं घेणार नाही, पण डोकं दुखतंय म्हणून आलेल्याला पण "एकदा सीटी करून घेऊ" म्हणायला लागतं. मशीन दारात उभं आहे, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातोय, त्याला पेशंट लागतातच. मी डॉक्टरांना दोष देऊन मोकळा होणाऱ्यातला नाही, त्यातले कित्येक माझ्यासमोर ताळेबंद बघून घाम पुसतात, पण हप्त्याचा सूर चिठ्ठीत उतरतो हे कशाला खोटं बोला.

त्यात रुपया. सीटी, एमआरआय, कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफीची यंत्रणा, ह्यातलं बरंचसं बाहेरून येतं. एक्स-रे ट्यूब गेली की नवीन ट्यूब डॉलरमध्ये, आणि डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदच्या वर गेला. वर २०२० च्या बजेटपासून आयात उपकरणांवर ५ टक्के हेल्थ सेस लागतो. हा सेस देशातल्या दवाखान्यांना पैसा मिळावा आणि इथल्या उपकरणवाल्यांना बळ मिळावं म्हणून लावलाय, हेतू चांगलाच आहे, पण तो भरतो शेवटी भुसावळचा स्कॅनवाला पेशंट, ही गंमत पण आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे पेशंटची. इथे मला माझ्या मावशीचं सांगावं लागेल.

चोपडा तालुक्यात मावशीची कोरडवाहू-बागायती मिळून थोडी शेती. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव गेला, बारा हजारांपर्यंत पण गेला, आमच्याकडे गावोगाव नवीन मोटारसायकली आल्या त्या वर्षी. पुढच्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं की दहाच्या खाली विकायचाच नाही. अख्खा खानदेश कापूस घरात भरून बसला. मावशीच्या घरी पुढच्या खोलीत कापूस पार आढ्याला लागलेला, कॉट काढून अंगणात टाकलेली, नातवंडांच्या हातापायाला खाज, पुरळ. त्या वर्षी घरोघर साठवलेल्या कापसाने लोकांना खाज सुटली, त्याच्या पेपरात बातम्या पण आल्या होत्या. आणि त्या कापसाच्या बाजूला खुंटीला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मावशीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी सांगितलेलं की ऑपरेशन करून घ्या, अंगावर काढू नका. मावशी म्हणायची, "भाव वाढू दे रे भो, मंग करसूत."

भाव काही वाढला नाही. त्याला कारणं बरीच होती, जगात सुताची मागणी पडली, भाव सगळीकडेच उतरले. पण एक कारण दिल्लीतलं पण होतं असं मला वाटतं. गिरण्यांना कापूस महाग पडतोय म्हणून सरकारने १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली ती ऑक्टोबरअखेरपर्यंत, म्हणजे आमचा नवीन कापूस निघायला लागेपर्यंत. कापड स्वस्त राहावं, महागाई आटोक्यात राहावी, कामगारांचा रोजगार टिकावा, असा त्यामागचा विचार, तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण ज्याने कोणी त्या फायलीवर सही केली त्याच्या स्वप्नात पण आलं नसेल की ह्या निर्णयाच्या एका टोकाला चोपडा तालुक्यातलं एक पित्ताशय आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हीच ड्युटी परत काढली, तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला तो की ह्या वर्षी आमच्या भागातली किती ऑपरेशनं पुढे ढकलली जातील. आरोग्याच्या आकडेवारीत हे कुठे दिसत नाही. पेशंट आलाच नाही तर मोजणार कोण?

उन्हाळ्यात मावशीचा खडा सरकला, स्वादुपिंडाला सूज आली, रात्री दीडला जळगावला आणलं, आणि जे काम दुर्बिणीतून दोन दिवसांत झालं असतं त्याला आयसीयू धरून दहाएक दिवस लागले. रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे त्या वेळी योजनेत बसत नव्हती. (आता बसली असती. महात्मा फुले योजना जुलै २०२४ पासून सगळ्याच रेशनकार्डांना लागू झाली आणि कव्हर दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं.) मग मावसभावाने काय केलं, जे आमच्याकडे सगळेच करतात ते. आईची मंगळपोत काढली आणि गोल्ड लोन घेतलं.

सोन्याच्या बाजाराचं गाव म्हणून जळगावचं नाव आहे, लोक लांबून दागिने घ्यायला येतात. पण ह्याच गावात दवाखान्यापासून गोल्ड लोनच्या काउंटरपर्यंत चालत जाता येतं, आणि तिथे रांगेत उभी असलेली बाई एका हातात डिस्चार्जचं एस्टिमेट आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेलं सोनं घेऊन उभी असते, हे मी बघितलंय. सोन्यावर किती टक्के कर्ज द्यायचं ते रिझर्व्ह बँक ठरवते, तेव्हा मर्यादा ७५ टक्के होती. मावसभावाला दोन तोळ्यांवर ऐंशीएक हजार मिळाले. कोविडमध्ये काही महिने बँकांना ही मर्यादा ९० टक्के करून दिली होती, आणि जून २०२५ च्या नवीन नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या छोट्या कर्जांना ८५ टक्के धरलीय. बँकेच्या भाषेत ही एलटीव्ही, म्हणजे लोन टू व्हॅल्यू. आमच्या मावशीच्या घरात तोच खरा आरोग्य विमा.

बाकीचे पैसे कुठून आले? पीककर्जातून. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर केंद्राची सवलत धरून ४ टक्क्यांना पडतं, आणि महाराष्ट्रात पंजाबराव देशमुख सवलतीने ते शून्यावर येतं. किसान क्रेडिट कार्डाच्या लिमिटमध्ये तर घरखर्चासाठी म्हणून १० टक्के धरलेलेच असतात. म्हणजे बियाणं-खतासाठी दिलेला स्वस्त पैसा सलाईनमध्ये जातो आणि खतासाठी मग कृषी केंद्रवाल्याकडे उधारी. सरकारने खर्च केला शेतीच्या नावाने, गेला आरोग्यावर. अर्थशास्त्राच्या पोरांनी ह्याच्यावर खरं तर पीएचडी करावी, विषय मी फुकट देतो.

मग सरकार आरोग्याच्या नावाने किती खर्च करतं? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचा. २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे बघितले तर आकडा १.८४ टक्के, आणि ते कोविडचं, लसीचं वर्ष होतं. खिशातून होणारा खर्च मात्र खरंच कमी झालाय, २०१३-१४ ला एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशाचा वाटा ६४.२ टक्के होता तो ३९.४ वर आला. हे श्रेय द्यायलाच पाहिजे, आणि त्यात आमच्या धुळ्याचा पण एक कोपरा आहे, राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होतं. पुढे तीच महात्मा फुले योजना झाली.

पण बजेटमध्ये आकडा असणं आणि पैसा हातात येणं ह्यात फार अंतर आहे. सरकारी दवाखान्यातल्या कोणत्याही क्लार्कला विचारा, तो जीडीपीचं नाव काढणार नाही, तो विचारेल "बीडीएसवर पडला का?" बीडीएस म्हणजे राज्याची निधी वाटपाची सिस्टिम. त्यावर पैसा दिसला तर खरेदी, नाही तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून दिवस ढकलायचे. आणि मग मार्च येतो. मार्चमध्ये एकदम निधी पडतो, तो ३१ तारखेच्या आत संपवायचा, नाही तर परत. त्यामुळे वर्षभर सर्पदंशाच्या इंजेक्शनला जपून वापरणाऱ्या ठिकाणी एप्रिलमध्ये नवीन कपाटं आलेली दिसतात. वित्तीय शिस्त पाहिजेच, तूट तीन टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हणून कायदे झालेत तेही बरोबरच, पण कात्री लावायची वेळ आली की ती कुठे लागते बघा. पगार कापता येत नाही, व्याज कापता येत नाही, पेन्शन कापता येत नाही. राहतं काय, औषधं, दुरुस्ती आणि रिकाम्या जागा. जागा भरायचीच नाही, बचत आपोआप.

ह्या दोन नळांतला फरक, म्हणजे एक व्याजाचा नळ आणि एक बजेटचा, मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो २०२१ मध्ये. दुसरी लाट टिपेला, माणसं ऑक्सिजनसाठी तडफडतायत, आणि ५ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेने आरोग्य क्षेत्रासाठी ५०,००० कोटींची खिडकी उघडली. बँकांनी रेपो दराने पैसा उचलावा आणि हॉस्पिटलं, लॅब, ऑक्सिजनवाले, लसवाले यांना कर्ज द्यावं. महिनाअखेरीस सरकारने हॉस्पिटलांना ऑक्सिजन प्लांटसाठी दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला शंभर टक्के गॅरंटी दिली, व्याज साडेसातच्या वर नको म्हणून. दोन्ही गोष्टी चांगल्या. माझ्याकडे पण फायली आल्या, मी रात्र रात्र बसून रिपोर्ट केले. पण कर्ज मंजूर होऊन, मशीन येऊन, बसून, चालू होईपर्यंत लाट ओसरली होती.

त्याच वेळी आमच्या शेजारचा नंदुरबार, ज्याला जळगावची मंडळी पण मागास म्हणून नाक मुरडतात, तिथे पहिला ऑक्सिजन प्लांट सप्टेंबर २०२० मध्येच बसला होता. पहिल्याच लाटेत! जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः एमबीबीएस, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. पैसा कुठला, तर जिल्हा नियोजनचा, आपत्ती निवारणाचा आणि थोडा कंपन्यांच्या सीएसआरचा. कर्ज नाही, हप्ता नाही, त्यामुळे "प्लांट परवडेल का, किती सिलिंडर विकावे लागतील" हा प्रश्नच नाही. देशभर लोक सिलिंडर शोधत होते तेव्हा नंदुरबारची उदाहरणं दिल्लीच्या चॅनेलवर दाखवली जात होती.

मी इतकी वर्षं हॉस्पिटलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करतोय. जळगावचे केले, पाचोऱ्याचे, चाळीसगावचे, शहाद्याचे पण केले. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावचा किंवा मोलगीचा एकही केला नाही. रेपो ४ असू दे, ६.५० असू दे, शून्य केला तरी फरक पडणार नाही, कारण रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर अपेक्षित उत्पन्न लिहावं लागतं आणि सातपुड्यातल्या पाड्यावरून बांबूच्या झोळीत बाळंतीण खाली आणणाऱ्या माणसाकडून मी काय अपेक्षित उत्पन्न लिहू? आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, ते बांधणार सरकारच, त्यात डॉक्टर ठेवणार सरकारच. स्वस्त कर्ज जळगावात सहावी कॅथलॅब देईल, मोलगीला भूलतज्ज्ञ देणार नाही. म्हणून बजेटमध्ये हात आखडता घ्यायचा आणि वर "आम्ही आरोग्य क्षेत्राला कर्ज स्वस्त केलंय" म्हणायचं, हे मला पटत नाही.

करांचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहितीय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, ३३ जीवनरक्षक औषधांचा जीएसटी शून्य झाला, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचे १८ टक्के गेले. छान झालं. पण हॉस्पिटलची सेवाच जीएसटीमुक्त असल्यामुळे त्याला बांधकाम, लिफ्ट, एसी, मशीनवर भरलेला कर परत मिळत नाही, तो बिलात मुरतो. आणि दर एप्रिलला नियंत्रित औषधांच्या किमती घाऊक महागाईप्रमाणे हलतात, २०२२ मध्ये १०.७७ टक्के, २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के. शेवटचा आकडा वाचून आमचे मेडिकलवाले अण्णा म्हणाले होते की एवढी वाढ मोजायला आता सोनाराचा काटा आणावा लागेल.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो प्रकार मात्र दोन्ही नळ एकमेकांत अडकतात तेव्हाचा. सरकारी योजनेतले पेशंट घेतलेल्या एका हॉस्पिटलचे क्लेम महिनोन्‌महिने अडकतात. औषधं तर रोज लागतात, पगार एक तारखेला. मग बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट वापरायची, तिचं व्याज दहा-साडेदहा. म्हणजे सरकारला बिनव्याजी उसने द्यायचे आणि ते बँकेकडून व्याजाने आणायचे. त्यात आयकराचा ४५ दिवसांचा नियम, छोट्या उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, कर भरा वर. रेपो २०२५ मध्ये ६.५० वरून ५.२५ पर्यंत उतरला त्याचा जेवढा फायदा ह्या हॉस्पिटलला झाला, त्यापेक्षा जास्त पैसे क्लेम नुसते वेळेवर आले असते तर वाचले असते, मी काढून दाखवलंय त्यांना. मग डॉक्टर वैतागून म्हणतात की योजनेचे बेड कमी करू. योजनेच्या पेशंटला "बेड नाही" हे उत्तर असं तयार होतं.

सध्या एका डॉक्टरांच्या कॅथलॅबचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आहे. क्लेमचे पैसे यायला किती दिवस धरायचे ह्यावर आमची भांडणं चाललीयेत, ते म्हणतात साठ धर, मी एकशेवीस धरलेत. काल बँकेच्या मॅनेजरने दोघांचं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, साठ पण नको न्‌ एकशेवीस पण नको. योजनेचे पेशंट कमी दाखवा, कॅशचे वाढवा, लगेच सॅन्क्शन देतो."